मार्ताच्या बॅगेचा कडता

मी ताणकाटा बोलतोय! घाबरू नका, तुमचं वजन विचारणार नाही. तोंड घड्याळासारखं गोल, पोटात स्प्रिंग, खाली एक हूक, असा माझा अवतार. लाडीगोडी लावा नाहीतर डोळे वटारा, माझी सुई खरं तेच दाखवते.

कारखान्यातून निघालो आणि बीडच्या एका दुकानात धूळ खात पडलो. तिथून लिंबागणेशजवळच्या शहादेवमामांनी मला उचललं. तेव्हापासून वेचणीचे दिवस आले की मी त्यांच्या कापसाच्या रानात, बाभळीला लटकलेला. दुपार कलली की बाया गाठोडी घेऊन येतात. जेवढा कापूस भरेल तेवढी मजुरी.

मामा माणूस दिलदार, पण वजन सांगताना दर गाठोड्यामागं किलोभर गिळतात. त्याला म्हणायचं कडता. का, तर फडक्याचं वजन आणि कापसातलं दव! अहो, भर दुपारी कुठलं आलंय दव? आणि फडकं म्हणजे विरलेल्या लुगड्याचा तुकडा. मी आपला लटकल्या जागी चरफडायचो.

यंदा मामांच्या घरी पोलंडची मार्ता राहायला आली, वेचणीच्या बायांवर संशोधन करायला. मामांच्या बायकोनं, भिवराबाईनं, तिला भाकरी थापायला शिकवलं. बायांसोबत वेचून पोरीची बोटं पार ओरबाडली. बडबडी एवढी की विचारू नका! पण कडता कापला की गप्प व्हायची. एकदा सोबत वेचणाऱ्या सुभद्राबाईला म्हणाली, "मावशी, मामांना विचारावं वाटतं. पण ज्यांच्या घरचं खाते, त्यांनाच कसं विचारू?"

"नको गं बाई," सुभद्राबाई म्हणाली. "तू जाशील निघून. आमाला उद्या बी इथंच यायचंय."

बघता बघता मुक्काम संपत आला. उद्या निघायचं म्हणून आज सकाळी मला घरी आणून ओसरीत टांगलं. विमानात ठरल्यापेक्षा जास्त वजन चालत नाही म्हणे. इकडं भिवराबाईचं कोंबणं चालूच. शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, कुरडया! मामांनी बॅग अडकवली, सुई बघितली आणि ऐटीत म्हणाले, "बराब्बर बसली!"

कसली बराब्बर! सुई ठरल्या वजनाच्या किलोभर पुढं होती. मामांनी सवयीनं बॅगेचाही कडता कापला होता.

मार्तानं वाकून पाहिलं. "मामा, तुमी कडता कापला?"

मामांनी जीभ चावली. "आयला! हात बसलाय गं पोरी." निरोपाला जमलेली सगळी ओसरी खो खो हसली. मार्ताचे मात्र डोळे भरले.

"मामा, तुमी मला लेकीसारखं ठेवलं, म्हणून बोलते. विमानवाले कडता धरत न्हाईत. मग बायांचा कावून कापता?"

मामांचा चेहरा काळाठिक्कर. "चार दिवसांची पाहुणी तू, तुला काय कळतंय?"

"पाहुणी न्हाई, लेक हाय," भिवराबाई कडाडली. "लग्नाआदी मी बी लोकाच्या रानात वेचायला जायचे. लई जीव जळायचा. तुमाला म्हणायची हिंमत झाली न्हाई, एवढंच."

मामा मला खांद्यावर टाकून तरातरा रानात गेले. मार्ताला दुपारी घास गेला नाही. तशीच रानात येऊन बांधावर बसली.

पहिलं गाठोडं सुभद्राबाईचं. माझी सुई अडतीस किलोवर थांबली आणि मामा म्हणाले, "अडतीस."

सुभद्राबाई घाबरली. "दादा, चुकलं जणू. रोज एवढं भरत न्हाई. परत तोला."

मामांनी परत तोललं. खाली बघत म्हणाले, "रोज बी भरत व्हतं, बाई. अडतीसच हाय."

सुभद्राबाईनं गाठोडं तिथंच टाकलं, बांधावर जाऊन मार्ताला मिठी मारली आणि ढसाढसा रडली.

उद्या मार्ता मांजरसुंब्याहून गाडी धरेल. सुखानं जा गं पोरी! मला आता गंज चढलाय, स्प्रिंग कुरकुरते, पण सुई अजून शाबूत आहे. म्हणून बायांनो, एकच मागणं आहे. माझ्यासमोर उभं राहून कुणी कमी सांगितलं, तर खुशाल परत तोलायला लावा. मला कंटाळा नाही.