अंगणातलं शून्य

चट्.

घर गप्प होतं, म्हणून आतल्या खोलीत गोळी पाकिटातून फुटल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. सुपातले तांदूळ निवडणारा अपेक्षाचा हात थांबला. सकाळपासूनची ही तिसरी.

ती उठून आत गेली. दाराआड तिची नणंद प्रतिक्षा उभी होती. एकोणीस वर्षांची, डोळ्यांत पिवळी झाक, एक हात कमरेवर.

"कुठं दुखून राहिलं?"

"कुठं नाई ते विचारा, वयनी." प्रतिक्षा हसली. "हळू बोला. माय ऐकन."

"ऐकू दे."

"आज नाई ना. करडीचे पाहुणे येऊन राहिले मले पाहायले. उद्या भांडा, मी बी तुमच्या बाजूनं भांडतो."

प्रतिक्षाला सिकलसेल होता, रक्तातला जन्मजात आजार. थंडी वाजली, दमणूक झाली की हाडं आतून कुणी पिळावीत तशी दुखायची. अपेक्षा दोन वर्षांपासून याच आजाराच्या एका संशोधन प्रकल्पात मानधनावर काम करत होती. पेशंटचं रक्त तपासणीला पाठवायचं आणि दर शनिवारी घरोघरी विचारून मोबाइलच्या ॲपमध्ये एका प्रश्नाचं उत्तर भरायचं : या आठवड्यात किती दुखलं, शून्य ते दहा? रक्तातली जनुकं आणि हे आकडे वाचून संगणक शिकणार होता, कुणाचा आजार कसा वाढेल, कुणाला कुठलं औषध लागू पडेल. ज्याला त्याला त्याच्या रक्ताजोगं औषध. हे तिला इतकं पटलं होतं की पहिलं नाव तिने आपल्याच घरातलं लिहिलं.

आज पवनीला त्याचा निकाल होता. नव्या उपचारासाठी संगणकाने निवडलेल्या चाळीस जणांची यादी संध्याकाळी पाचला बंद होणार होती.

सभागृहात प्रकल्पाच्या मनिष सरांनी दिवे बंद केले. नागपूरचा तिशीतला पोरगा. बोलणं गोड, आकड्यांवर जीव. पडद्यावर भंडारा जिल्हा उमटला. वर नाकाडोंगरी, खाली अड्याळ, आणि मध्ये सहाशे बारा ठिपके. लाल म्हणजे आजार जोरात, उपचार आधी. हिरवा म्हणजे सौम्य.

"आता गंमत बघा," सर म्हणाले. त्यांनी पुरुष बाजूला केले, लेकरं बाजूला केली. उरल्या अठरा ते तेवीस वर्षांच्या मुली. पडदा हिरवागार झाला. "या वयात मुलींचा आजार सौम्य होताना दिसतोय. हे आजवर कुणी मांडलेलं नाही. मॉडेलने शोधलंय."

टाळ्या पडल्या. अपेक्षाच्या कानशिलात जाळ उठला. अड्याळवरच्या त्या हिरव्या ठिपक्यांत एक ठिपका सकाळी दाराआड तिसरी गोळी गिळत होता.

ती उभी राहिली. "सर, आजार सौम्य नाई झाला. पोरी लग्नाच्या झाल्या."

"म्हणजे?"

"आम्ही हा प्रश्न कुठं विचारतो, माहीत आहे का तुम्हाला? अंगणात. बाजेवर बसवतात, चहा येते. शेजारची वच्छला कुंपणावरून मान काढते, काय विचारून राहिली वो बाई, म्हणते. तिथं कोणती पोरगी म्हणन, मले आठ दुखते? संध्याकाळपर्यंत साऱ्या गावात होईल."

कुणीतरी हसलं. मनिष सर हसले नाहीत.

"मग ताई, शून्य तुम्ही का भरलंत?"

तिला वाटलं, पडद्याचा सगळा उजेड आपल्या तोंडावर पडलाय. हो, तिनेच भरलं होतं. घरातही सासूच्या देखत विचारलं होतं, प्रतिक्षा नाही म्हणाली आणि हिने शून्यावर बोट टेकवलं होतं. भाकरी करपायला नको म्हणून, पुढच्या घरी जायचं म्हणून.

"तुमच्या ॲपात 'सांगता येत नाही' असा रकाना नाई म्हणून," ती म्हणाली. ती बसली नाही. "चुकलो मी. पण या चुकीले शोध तं म्हणू नका! अन माया नणंदेचा आकडा आज बदला. तिले आठ दुखते. मी बघतो ना रोज."

चहाच्या सुट्टीत सरांनी तिला लॅपटॉपजवळ बोलावलं. "तुमच्या शब्दावर नाही बदलता येत, ताई. पेशंटने स्वतः सांगायला हवं. फोन लावा, मी विचारतो. साडेचार झालेत."

अपेक्षाने आपला फोन स्पीकरवर टाकून नंबर लावला. पलीकडून सासूने, पंचफुलाने उचलला. मागे कपबशांचा आवाज होता.

"आई, प्रतिक्षाले द्या अन फोन आत नेऊ द्या."

"अवो, पाहुणे बसून हायेत. अन आत हा फोन रेंज धरत नाई, तुले माहीत नाई का? घे वो प्रतिक्षा, तुयी वयनी हाय." घरच्या त्या जुन्या फोनचा आवाजही फक्त स्पीकरवर यायचा.

"सर, थांबा, नका विचारू..." अपेक्षा म्हणेपर्यंत मनिष सर पुढे वाकले होते. घड्याळाकडे बघत त्यांनी स्पष्ट आवाजात विचारलं, "प्रतिक्षा, या आठवड्यात किती दुखलं? शून्य ते दहा?"

पलीकडच्या कपबशा थांबल्या. "कायचं दुखणं?" एका अनोळखी माणसाचा आवाज आला.

मग प्रतिक्षाचा. शाळेत कविता म्हणावी तसा, एकेक अक्षर सुटं. "काहीच नाही, सर. शून्य."

फोन कट झाला. सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सॉरी ताई," ते म्हणाले आणि यादी पुढे पाठवली.

एसटीत अपेक्षाने दाताखाली ओठ धरून ठेवला. घरी पोचली तेव्हा पाहुणे पोरगी पसंत करून गेले होते. आतल्या खोलीत प्रतिक्षा गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. पंचफुला तिच्याजवळ बसली होती.

"दोन पावलं बाजूला नेता येत नव्हता का फोन?" अपेक्षा दारातूनच कडाडली. "औषध भेटलं असतं तिले!"

"अन तू परक्या माणसाले पाहुण्यांसमोर कायले विचारायले लावलं वो? पोराच्या बापानं मले तीनदा विचारलं, कायचं दुखणं, कायचं दुखणं. घाम फुटला मले. औषध भेटलं असतं म्हणते! अन घर? तुया त्या संगणकाले सांग, माया पोरीसाठी चांगला पोरगा काढून दे म्हणा. मंग सांगतो आम्ही दहा."

बोलता बोलता पंचफुला पोरीच्या नडग्या चेपत होती. अंगठा कुठे दाबायचा आणि कुठे नुसता टेकवायचा, हे तिच्या हातांना पाठ होतं. अपेक्षाच्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या. त्या कुणाला द्यायच्या हे तिला कळेना.

ती खाली बसली आणि हट्टाने ॲप उघडलं. शनिवारचा प्रश्न आला होता. तिने आठ दाबलं. खाली नवी ओळ आली : पेशंटने स्वतः सांगितलं का?

प्रतिक्षाने भिंतीकडे तोंड केलं.

सहा वर्षांची गोलू, अपेक्षाची मुलगी, आत्याच्या पायाशी बसून केव्हाची सगळं ऐकत होती. ती सरकत सरकत आईच्या मांडीला चिकटली.

"मम्मी," तिने विचारलं, "मले पाहायले पाहुणे येतील, तवा मी किती सांगू?"