सात चेहऱ्यांपुढची काच

मी काच बोलतेय. आरसा नव्हे हं, लोक नेहमी गल्लत करतात. आरसा तुम्हाला तुमचंच तोंड दाखवतो, मी दुसऱ्यांची दाखवते. चौकातल्या फोटो स्टुडिओच्या दर्शनी खिडकीत मला बसवून एकवीस वर्षं झाली.

कारखान्यातून निघाले तेव्हा मापाला बोटभर चुकले होते. "द्या फेकून," म्हणाले सगळे. पण स्टुडिओच्या मास्तरांनी मला आणलं आणि चौकटच माझ्या मापाची करून घेतली. त्यांच्या बायकोनं, बाईंनी, वर्तमानपत्राचा ओला बोळा करून मला लखलखीत पुसलं. पुढे रोज सकाळी तोच बोळा आणि तोच हात.

काय काय पाहिलं मी! नवी जोडपी, बोळकं उघडून हसणारी बाळं, छाती काढून उभे असलेले पेन्शनर. ज्याचा फोटो खिडकीत लागे तो काहीतरी काम काढून दिवसातून दोनदा समोरून जायचा. "फोटो बराय, पण मी काही एवढा जाडा नाही," असं वर पुटपुटायचा. मला भारी हसू यायचं.

मास्तरांचा हात रिटचिंगचा. बारीक ब्रशनं ते डाग पुसत, सुरकुत्या घालवत. कुणी हयातीत फोटो न काढताच गेलं, तर घरचे तिरडीवरचा अखेरचा फोटो घेऊन येत. मास्तर मिटल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवून देत. "भिंतीवर लावायचंय ना? जागं दिसू दे," म्हणत.

मग लढाई सुरू झाली. त्यांचा एकुलता एक मुलगा सैन्यात होता. आधी दर आठवड्याला पत्र यायचं, मग दोन महिने काहीच नाही. पोस्टमन दिसला की बाईंचा मला पुसणारा हात थांबायचा. तो बिचारा लांबूनच मान हलवायचा.

एके दिवशी वस्तीच्या समितीचे अध्यक्ष पाकीट घेऊन आले. आत शत्रूच्या सात सैनिकांचे फोटो होते, मेलेल्या.

"मास्तर, मोठे करा आणि खिडकीत लावा. कळू दे लोकांना, आपण जिंकतोय ते."

"अहो, इथून लहान मुलं जातात."

"मग तर लावाच!"

मास्तर घाबरले, दुसरं काय! नवरा-नवरी खाली उतरले आणि सात प्रेतं वर चढली. नंतर जी झुंबड उडाली ती काय सांगू! लोक पोरांना खांद्यावर घेऊन दाखवायचे. बोटं दाखवून हसायचे. कुणी थुंकायचं, ते त्या सातांना कुठलं लागतंय? माझ्यावर ओघळायचं. सकाळी बाई पुसायच्या.

पुसता पुसता त्या एकेक चेहरा पाहू लागल्या.

"अहो, ह्याची बटणं बघा. एक घर चुकून लागलीयत. घाईत उठवलं असेल पोराला."

"अगं, शत्रू आहे तो."

"असेना. मेल्यावर कसलं वैर? उतरवा ते. आपलाही तिकडे आहे. तिकडेही कुणी फोटोवाला असेलच की."

"उतरवले तर फितूर म्हणतील आपल्याला. मुलाच्या नावाला बट्टा लागेल." मास्तरांचंही काही खोटं नव्हतं.

बाईंनी मग आतून चादरच लावली. संध्याकाळी अध्यक्ष आले. "वहिनी, कुणाची लाज झाकताय?"

"आपली," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी चादर काढली, नीट घडी केली आणि त्यांच्या हातात ठेवली.

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मास्तर ब्रश घेऊन बसले. सातही चेहऱ्यांवरचं रक्त पुसलं, डोळे उघडले. फोटो पुन्हा लागले आणि खांद्यावरची पोरं खाली उतरली. एक म्हातारी कितीतरी वेळ पाहत राहिली. मग विचारते कशी, "मास्तर, हा डावीकडचा गोरटेला पोरगा लग्नाचा आहे का हो?"

कुणीच हसलं नाही. तासाभरात समितीचे लोक आले. जुने फोटो पुन्हा लावले आणि मास्तरांचे ब्रश घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी अध्यक्ष तणतणत आले. हातात शत्रूकडचं वर्तमानपत्र होतं. "बघा, बघा! मेलेल्यांचे फोटो छापतात निर्लज्ज! आपल्या पोराचा तमाशा! हा मोठा करा. मधोमध लावू. रक्त खवळलं पाहिजे लोकांचं."

फोटो टिकलीएवढा, ठिपक्याठिपक्यांचा. मास्तरांनी त्यावर भिंग धरलं. भुवईत एक व्रण होता. लहानपणी जिन्यावरून पडल्याचा तो व्रण मास्तर मुलाच्या प्रत्येक फोटोतून पुसत आले होते.

त्यांनी बाईंना हाक मारली. बाई आतून धावत आल्या. भिंग त्यांनी हातातसुद्धा घेतलं नाही. नुसतं पाहिलं आणि "माझं बाळ ते" एवढंच म्हणाल्या.

अध्यक्ष रडले. खोटं कशाला बोलू, खरंच रडले. बाईंनी त्यांचे हात धरले. "भाऊजी, हा नका लावू. पाया पडते. ते सातही काढा."

"वहिनी, तो आता एकट्या तुमचा नाही राहिला," ते डोळे पुसत म्हणाले.

मास्तरांनी मोठा करायला नकार दिला, तर समितीनं दुसरीकडून करून आणला. परवा लावला. लोक मधल्या फोटोपुढे मान झुकवतात आणि दोन्ही बाजूंना थुंकतात. बाई आता मागच्या दारानं ये-जा करतात. मला कुणी पुसत नाही. काल दुपारी तेवढ्या पुढून आल्या, मुलाच्या गालासमोर माझ्यावर तळवा टेकवून उभ्या राहिल्या. माझा गारठा तेवढा लागला असेल हाताला. दुसरं काय देणार मी?

मला पापणी नाही हो. मिटता येत नाही, वळता येत नाही. जे मागे ठेवाल ते पुढे दाखवायचं, एवढंच येतं मला. म्हणून हात जोडते, म्हणजे असते तर जोडले असते. तुमच्यापैकी कुणी इकडे येणार असाल, तर नुसतं बघायला येऊ नका. येताना एक दगड घेऊन या. नेमाची काळजी नको, मी चांगली मोठी आहे.