दमाला थांबणारा ढोल

माझा थोरला भाऊ उत्तरेश्वर ढोल वाजवायचा आणि मी ओव्या म्हणायचो. मेंढ्यांमागं धूळ खाऊन माझी छाती लवकरच निकामी झाली. ओळीच्या मधेच दम तुटायचा. तेवढ्यापुरता तो थाप हवेत धरून ठेवायचा. मी श्वास घेतला, शब्द उचलला, की त्याच शब्दावर थाप पडायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, चालच तशी आहे. आम्ही दोघं यावर कधी बोललोही नाही.

त्याचा मुलगा सोमनाथ सिरसाळ्यात एका दुकानामागच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करतो. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. बंद पडलेल्या एका क्लासमधून आणलेला जुना कॉम्प्युटर आहे, पुढून टीव्ही आणि मागून धान्याची कणगी. त्यात त्यानं बासरी, हलगी, सनई, सगळी वाद्यं भरून ठेवली आहेत. पेटीसारख्या पट्ट्या दाबल्या की पाहिजे ते वाजतं. वाजवणारा लागत नाही.

भाऊ जिवंत असताना सोमनाथनं त्यालाही तिथं बसवलं आणि ढोलाची एकेक थाप वेगळी भरून घेतली. हळू, जोराची, डाव्या हाताची, टिपराच्या काठीची.

"आख्खी ओवी वाजवू दे की बे," भाऊ वैतागायचा. "एकेक थाप काय मागतो भिकाऱ्यावानी?"

"अण्णा, तुमी तुकडे द्या, मी जोडतो."

"गोधडी शिवतो का ढोल वाजवतो?"

थंडीत भाऊ गेला. आमच्या घरात ढोलकरी गेला की त्याच्या ढोलाच्या दोऱ्या सैल करतात. तेराव्याला मुलानं त्या पुन्हा ओढायच्या आणि बापाच्या नावानं पहिली थाप मारायची. तेव्हा बापाचा हात सुटतो आणि मुलाकडं येतो. सोमनाथनं दोऱ्या ओढल्या नाहीत.

"माझा हात बसल्याला न्हाई, तात्या. अण्णांचा हात मशीनमधी जपून हाय. त्यावर माझी वाकडीतिकडी थाप कावून?"

कुणी आग्रह धरला नाही. ढोल सैलच खुंटीला राहिला.

बिरोबाच्या जत्रेआधी सोमनाथला बापाच्या ढोलावर माझी ओवी भरून घ्यायची होती. दुपारी मी त्याच्या खोलीत गेलो. ढोल त्यानं आधीच पडद्यावर मांडला होता, थापेला एक चौकोन, असे चौकोन ओळीनं. वर काहीतरी लिहिलं होतं. मला वाचन उतारवयात आलं, त्यामुळं अक्षरं लावावी लागली. उत्तरेश्वर, असं होतं.

कानावर हेडफोनची डबी चढवून मी सुरू केलं. तिसऱ्या ओळीत दम तुटला. ढोल थांबला. मी श्वास घेतला, शब्द उचलला, आणि थाप बरोबर त्या शब्दावर पडली.

मी डबी काढली. "सोमा, तू थांबवलं का?"

"न्हाई. अडकलं आसंल. मेमरी कमी हाय त्याची. म्हातारं झालंय तुमच्यावानी."

"मी कुठं अडकतो?"

"मग मधीच दम कोण खातं?" तो हसला.

पुन्हा लावलं, डबीऐवजी स्पीकरवर. या वेळी मी मुद्दाम भलतीकडंच थांबलो, जिथं माझा दम कधीच तुटत नाही. ढोल तिथंही थांबला. पडद्यावरची रेघ चौकोनांवरून पुढं सरकत होती, आवाज मात्र नव्हता. मी शब्द उचललाच नाही. खोलीत नुसता पंखा फिरत होता. मग ढोलाच्या काठावर दोन हलक्या टिचक्या वाजल्या. उचल, असं सांगायला भाऊ वाजवायचा तशा.

सोमनाथ पडद्याजवळ वाकला. त्या जागी चौकोन नव्हता. त्याचं हसू गेलं.

"तात्या, ही टिचकी मी भरलीच न्हाई. त्यांनी कधी दिलीच न्हाई मला."

तो भ्याला. मी नाही. भाऊ असा भेटत असेल तर त्यात भिण्यासारखं मला काही दिसेना. मी रोज जेवण उरकून तिकडं जाऊ लागलो. कितीतरी वर्षांत न म्हटलेल्या ओव्या म्हणू लागलो. सोमनाथ नको नको म्हणत लावून द्यायचा आणि दारापाशी जाऊन बसायचा. हळूहळू टिचकी लवकर येऊ लागली. माझा श्वास पुरा व्हायच्या आत. एकदा तर मी पाणी प्यायला थांबलो, तर तांब्या तोंडाला लागेपर्यंत तीन वेळा आली.

"डावी थाप मागं पडाय लागलीय," सोमनाथ एक दिवस म्हणाला. "मी काई बदललं न्हाई."

मलाही ते ऐकू येत होतं. मी गात राहिलो.

त्या दिवशी वहिनी, म्हणजे सोमनाथची आई छबुबाई, त्याचा डबा घेऊन आली. आजवर तिनं त्या खोलीत पाय ठेवला नव्हता. उंबऱ्यातच उभी राहून तिनं आख्खी ओवी ऐकली.

"डावा हात ओढत हाय त्यांचा," ती म्हणाली.

"माय, मशीन हाय ते."

"मला सांगू नको. शेवटी शेवटी त्या हाताची बोटं उघडत नव्हती त्यांची. तेल लावून लावून मी सरळ करायची. गेले तवा म्हणलं, सुटले एकदाचे. आन तुमी दोघं हितं वाजवून घेताय त्यांच्याकडनं?"

"वहिनी, तो आपण होऊन साथ देतो," मी म्हणालो.

"भावजी, तुमी म्हणाय लागल्यावर त्यांनी कदी न्हाई म्हणलं होतं का?"

मी खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

"ढोल आण," ती मुलाला म्हणाली.

सोमनाथ जागचा हलला नाही. "माय, थाप मारली आन हे गेलं तर? नव्या कॉम्प्युटरवर हे उघडत बी न्हाई. दुसरं काय हाय अण्णांचं माझ्याकडं?"

"आवाज ऱ्हाईल. हात तेवढा सोडव त्यांचा."

तो घरी जाऊन ढोल घेऊन आला. जमिनीवर बसून दोऱ्या ओढू लागला. कातडं कुरकुरत ताणू लागलं. गाणं बंद होतं, पडद्यावरची रेघ जागच्या जागी थांबली होती. तरी स्पीकरमधून टिचकी आली. सोमनाथचे हात थांबले.

"ओढ," वहिनी म्हणाली.

पुन्हा दोन टिचक्या. मग लागोपाठ, घाईघाईनं. त्या मला होत्या. शब्द माझ्या ओठापर्यंत आला होता. मी टॉवेलाचा बोळा तोंडात कोंबला आणि मान खाली घातली. एकदा जरी उचललं असतं, तरी तो माझ्यामागं आला असता, तसल्या हातानं.

शेवटची गाठ बसली. सोमनाथनं "अण्णा" म्हणून थाप मारली. वाकडी, फुटकी थाप होती. वहिनीनं त्याचं मनगट धरून कपाळाला लावलं. स्पीकर गप्प झाला.

मग सोमनाथ उठला आणि त्यानं मशीनवर ओवी लावली.

"म्हणा, तात्या. सुटले का, कळू तर द्या."

मी म्हणू लागलो. ढोल भावाचाच होता, थाप न् थाप त्याची, आता डावीही वेळेवर पडत होती. तिसऱ्या ओळीत माझा दम तुटला. ढोल थांबला नाही. मी तोंड उघडून श्वास घेत राहिलो आणि तो माझ्या राहिलेल्या शब्दांवरून सरळ पुढं निघून गेला.

"बरोबर चाललंय," सोमनाथ हळूच म्हणाला. वहिनीनं पदरानं तोंड पुसलं.

मी पुढची ओळ गाठायला निघालो होतो, पण ती ओळही तोवर निघून गेली होती.