सिंकमधली बटाट्याची सालं

मिसेस ओडेसा प्रुइट यांनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून एक डोळा आणि मोबाइल दिसला.

"कार्ड."

"अहो, दोन महिन्यांत तिसऱ्यांदा येतोय. मी लोनी, मेंटेनन्सवाला."

"दोनदा येऊन गेलास म्हणूनच विचारतेय. दाखव."

मी गळ्यातलं कार्ड पुढे धरलं. त्यांनी फोटो काढला आणि मग मला आत घेतलं. माझ्या डोक्यात एकच होतं: म्हातारी काहीतरी लपवतेय.

सिंकमध्ये वीतभर पाणी तुंबलं होतं. त्यावर बटाट्याची सालं आणि टोमॅटोच्या बिया तरंगत होत्या. सिंकखाली आमच्याकडे घरोघरी असते तशी खरकटं दळायची चक्की होती. नळाला चिकटपट्टी गुंडाळलेली, त्यावर तारीख आणि बाईंची सही.

"शुक्रवारपासून नळाला हात लावलेला नाही. भांडी बाथरूममध्ये घासते. तरी पाणी चढतंय."

"पट्टी काय, काढून परत लावता येते."

"आणि सही मीच केलीय, म्हणजे ती पण खोटीच. हो ना?"

आमच्या कंपनीच्या फॉर्मवर दोन चौकोन असतात. 'इमारतीचा दोष' आणि 'भाडेकरूचा निष्काळजीपणा'. पहिल्यावर खूण केली की वरून दहा प्रश्न येतात. दुसऱ्यावर केली की माणूस पाचला घरी. अकरा वर्षं मी दुसऱ्यावरच खूण करत आलो. न बघता. तीन खुणा झाल्या की भाडेकरूचा करार पुढे चालू ठेवत नाहीत. प्रुइटबाईंच्या दोन झाल्या होत्या आणि दोन्हींखाली सही माझी होती. बाई बावीस वर्षं त्या घरात होत्या. समोरच्या केंद्रात आठवड्यातून तीनदा डायलिसिसला पायी जायच्या. गाडी नाही, नेणारं कुणी नाही. हे घर गेलं की डायलिसिसही गेलं. ॲक्रन शहरात बसच्या भरवशावर कुणी जगत नाही.

तेवढ्यात मॅनेजर ब्रेनाचा फोन आला.

"झालं का रे? सालं कोंबली असणार तिने. खूण कर आणि ये. वरच्या घरासारखं तिचंही नवं करून जास्त भाड्याने द्यायचंय, लोक थांबलेत."

"स्पीकर न लावताच ऐकू आलं हो," बाई म्हणाल्या. मग त्यांनी फ्रीजवर लावलेला कागद बोटाने ठोकला. "वाचता येतं ना?"

केंद्रातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेली यादी होती. बटाटा, टोमॅटो, केळं, संत्रं. सगळ्यांवर लाल फुली.

"बटाटा पोटात गेला तर त्यातल्या पोटॅशियमने माझं हृदय बंद पडेल. चार वर्षं घरात आणलेला नाही. उघड फ्रीज. कचऱ्याचा डबाही उपस."

मी उपसला. लाज वाटली नाही, खोटं कशाला सांगू? बटाटा कुठेच नव्हता.

चक्की चालवून पाहिली. झकास फिरली. खाली बादली ठेवून वाकडा पाइप सोडवला, तर तोही आतून स्वच्छ. मी भिंतीतल्या पाइपच्या तोंडाशी डोळा नेला. इतक्यात वरच्या घरात कुणीतरी सिंक रिकामं केलं आणि भिंतीतून फेसाळ पाणी भसकन माझ्या बाहीत शिरलं. मनगटाला बटाट्याचं साल चिकटलं.

"घे," बाई म्हणाल्या. "तुझा पुरावा आला."

म्हणजे दोन्ही घरांचा सामाईक पाइप खाली कुठेतरी तुंबला होता. मी तुंबलेला पाइप मोकळा करायची लांब स्प्रिंग आत सोडली. चार मीटरवर ती टणक वस्तूला अडली. पिळून पिळून ओढली, तेव्हा टोकाला राखाडी खपल्या आल्या. दगडासारख्या. मी एक अंगठ्याने चोळली. तो रंग मी लगेच ओळखला.

ऑगस्टमध्ये वरच्या घरातल्या टाइल्स मीच बसवल्या होत्या. फटींत भरायच्या सिमेंटची बादली अंगणात धुवायची असते. पण अंगणातला नळ बिघडला होता आणि मला घाई होती. मी ती वरच्या सिंकमध्ये धुतली, वर गरम पाणी सोडलं, शिट्टी वाजवत निघालो.

"काय आहे ते?" बाईंनी मोबाइल रोखला.

गंज म्हणता आलं असतं. जुना चुना म्हणता आलं असतं.

"सिमेंट."

"कुणाचं?"

"माझं."

त्यांनी खपलीचा फोटो काढला.

"माझ्या नावावर दोनदा सही ठोकलीस, तेव्हा माहीत होतं?"

"नाही. बघितलंच नव्हतं."

"मग ते जास्त वाईट."

मी फॉर्म काढला आणि दोन्ही चौकोन सोडून खाली लिहायला लागलो. ब्रेनाचा परत फोन आला. मी तिला खरं सांगितलं.

"हे लिहिलंस तर नोकरी राहील का तुझी?"

"बहुतेक नाही."

तिने फोन आपटला.

"मोठ्याने वाच," बाई म्हणाल्या.

"पाइपमध्ये सिमेंट आढळले. ते कदाचित दुरुस्तीच्या वेळी..."

"कदाचित खोड."

खोडलं.

"ते मी, लोनी स्कॅग्ज याने, वरच्या घरातून टाकले. आधीच्या दोन्ही नोंदी मी न तपासता केल्या, त्या खोट्या आहेत."

बाईंनी कागदाचे फोटो काढून गरिबांचे खटले फुकट लढवणाऱ्या वकीलबाईंना पाठवले. पाच मिनिटांत उत्तर आलं: मूळ कागद सोडू नका, आता तुमचा करार कोण अडवतो ते मी बघते. बाईंनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. कौतुक वगैरे काही नाही, पहिल्यापेक्षा जास्त संशय.

"अकरा वर्षं बघतेय तुला इथे. या इमारतीत चोवीस घरं आहेत. न बघता ठोकलेल्या सह्या किती?"

"मोजल्या नाहीत कधी."

"मग बस. आठव."

त्यांनी वही उघडली. मी ओल्या बाहीनेच खुर्चीवर बसलो.

"सात नंबर," मी म्हणालो.