नजरेआड

विष्णुपंतांनी रुईचं बोंड अंगठ्याने फोडलं, आतली एक म्हातारी चिमटीत धरली आणि सोडून दिली. पांढरा पुंजका आधी बांधालगत रेंगाळला, मग धसकटांवरून तिरपा सरकला आणि रानाच्या मध्यावर पोचताच कुणी वरून दोरी ओढावी तसा सरळ आभाळात निघाला.

"तिथं," विष्णुपंत म्हणाले.

आसाराम दोऱ्याचं टोक हाताला गुंडाळून तिकडे चालू लागला. रान त्याचंच, पेडगावच्या शिवारातलं, तूर काढून मोकळं झालेलं. 'अखिल भारतीय हौशी विमानोड्डाण संघा'च्या प्रत्येक चाचणीत दोरा धरून पळायचं कामही त्याचंच. संघाच्या घटनेत या पदाचा उल्लेख नव्हता. पण घाम गाळणारा पदाधिकारी तेवढा एकच.

संघाची पाटी परभणीत विष्णुपंतांच्या पुढच्या खोलीवर लागलेली होती. सभासद कोचीपासून गुवाहाटीपर्यंत पसरलेले, आणि त्यांची नावं विष्णुपंतांना तोंडपाठ. त्यांतले हयात किती, हा प्रश्न मैथिलीने सहसचिव झाल्यावर पहिल्याच सभेत विचारला होता. त्यावर कुणी पंख्याकडे पाहिलं, कुणी चहात बिस्किट बुडवून ते विरघळेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

मैथिली शाळेत विष्णुपंतांचीच विद्यार्थिनी. आता पुण्यात नोकरीला होती, आणि संघाला नवं करण्याचं काम तिच्याकडे आलं होतं. सभासदत्व मोबाईलवर, प्रमाणपत्र मोबाईलवर, आणि उड्डाणाची नोंदही यंत्रावर. आजवरचा नियम विष्णुपंतांनी घातलेला होता. विमान मुख्य पंचाच्या डोळ्यांना दिसेनासं झालं, की उड्डाण संपलं. पुढे 'नजरेआड' असा शेरा. यंत्र आलं की मुख्य पंच कशाला, असं कार्यकारिणीतल्या काहींचं म्हणणं होतं. पण माणसं सभ्य होती. "तू एकदा जाऊन बघ," ती मैथिलीला म्हणाली. "सर मैदानावर सावध असतील तर राहू देत. चुकायला लागले असतील तर सन्मानाने निरोप देऊ." शाल आणि श्रीफळ त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं.

विष्णुपंतांना यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडली असती, असंही नाही.

"पुण्याच्या ताई, सावलीला थांबा की," आसाराम रानातून ओरडला. "ऊन लय हाय. आन ते तुमचं यंत्र घारीला लावलं तर तिचं बी नाव संघात येतंय का?"

"तिची वर्गणी तू भरणार असशील तर," विष्णुपंतांनी इकडून उत्तर दिलं.

ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं हलकं विमान, त्यांनी दोन्ही हातांनी उचललं. बांबूच्या काड्या, हलकं लाकूड आणि पापुद्र्यासारखा कागद. पंख इतके लांब, की धरणारा माणूसच त्याला लटकल्यासारखा दिसे. पोटात मैथिलीने आणलेला, जागा आणि उंची मोबाईलवर कळवणारा नखाएवढा ट्रॅकर बसवला होता. शेपटीजवळ मात्र तीच जुनी युक्ती होती: ताणलेलं रबर, ते धरून ठेवणारा दोरा आणि दोऱ्याला टेकवायचा उदबत्तीचा तुकडा. उदबत्ती जळत दोऱ्यापर्यंत आली की दोरा तुटायचा, शेपटी वर उचलली जायची आणि विमान वाळलं पान यावं तसं अलगद खाली यायचं. उदबत्ती नसेल आणि विमानाला वर जाणारी गरम हवा सापडली, तर ते परत यायचं कारणच उरत नसे.

म्हणून विष्णुपंतांचा दंडक होता. सोडण्याआधी पंचाने विचारायचं, उडवणाऱ्याने उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही म्हणून एकदा त्यांनी हवाई दलातल्या अधिकाऱ्यालाही रांगेतून मागे पाठवलं होतं.

मैथिली मोबाईलवर सिग्नल शोधत होती. मान न उचलताच तिने, आज पहिल्यांदा, त्यांना विचारलं, "उदबत्ती?"

विष्णुपंत वाऱ्याकडे पाठ करून बांधावर वाकले होते. काडी ओढल्याचा आवाज आला.

"लागली," ते म्हणाले. मग ग्लायडर डोक्यावर धरून ओरडले, "पळ!"

आसाराम धोतर खोचून धसकटांतून पळाला. ग्लायडर पतंगासारखं वर चढलं, त्याच्या डोक्यावर आलं आणि दोरा गळून पडला. क्षणभर ते जागच्या जागी थबकल्यासारखं झालं. मग एक पंख किंचित वर झाला, आणि ज्या बाजूचा पंख उचलला गेला त्याच बाजूला ते वळलं.

"सापडली," विष्णुपंत पुटपुटले.

मैथिलीने अशी उड्डाणं लहानपणी पाहिली होती; असं नव्हतं पाहिलं. ग्लायडर फिरत होतं आणि प्रत्येक फेरीला वर जात होतं, घाई न करता, आवाज न करता. कागदाच्या पंखांतून ऊन आरपार येत होतं, आत दिवा लावल्यासारखं. खालून दोन घारी आल्या, त्याच्याभोवती फिरू लागल्या, आणि थोड्या वेळाने त्याच त्याच्या मागे पडल्या. आसाराम दोरा गोळा करायचा विसरून रानाच्या मधोमध उभा होता. त्याची बायको धुरपदाबाई पाणी घेऊन येत होती, ती वाटेतच थांबली. तांब्या कलंडला, पाण्याची धार तिच्याच पायावर पडू लागली, तरी तिची मान खाली आली नाही.

"आगं माय," ती हळूच म्हणाली. "कुठवर जायचंय ह्याला?"

एवढ्या मोठ्या आभाळाखाली आपण चौघं किती कमी आहोत, असं काहीतरी मैथिलीला वाटून गेलं आणि तिने नकळत एक पाऊल विष्णुपंतांकडे सरकवलं.

मग तिला शेपटी आठवली. एव्हाना दोरा तुटायला हवा होता. विमान एक फेरी वर गेलं, आणखी एक. शेपटी सरळच होती.

तिने विष्णुपंतांकडे पाहिलं. घड्याळाच्या कळीवर अंगठा ठेवून ते वरच बघत होते. वाऱ्यात उदबत्ती विझली असेल, किंवा टेकवायचीच राहिली असेल. ज्याच्यासाठी त्यांनी माणसं घरी पाठवली, नेमकी तीच चूक. तिने मोबाईल खाली धरून पुण्याला लिहायला घेतलं: 'सर उदबत्ती लावायला विस', आणि तिची बोटं तिथेच थांबली.

घड्याळाची कळ दाबल्याचा आवाज आला.

"नजरेआड," विष्णुपंत म्हणाले.

"आवं गुरुजी, मला दिसायलंय की आजून!" आसाराम तिकडून म्हणाला. "ते बघा, घारीच्या वर!"

मैथिलीलाही दिसत होतं.

"पंच मी आहे," विष्णुपंत म्हणाले. "मला दिसत नाही. नियमाप्रमाणे संपलं." घड्याळ त्यांनी खिशात टाकलं आणि हात पुढे केला. "आता तुझ्यातलं दाखव."

अर्धा राहिलेला निरोप तसाच मागे सारून तिने नकाशा उघडला आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला. तिने स्वतःच्या पदराची सावली पडद्यावर धरली. निळा ठिपका रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेने परभणीकडे सरकत होता.

"हे तेच?"

"हो सर."

"म्हणजे अजून उडतंय?"

"चढतंय. हा आकडा उंचीचा. बघा, वाढला."

विष्णुपंत बांधावर बसले. मोबाईल त्यांनी तीर्थ घ्यावं तसा दोन्ही हातांत धरला होता.

"माझं लग्न झालं त्या वर्षी एक असंच पूर्णेकडे गेलं," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "नंतर एक बोरीकडे. सगळ्यांत चांगली होती तीच गेली. दर वेळी मी 'नजरेआड' लिहिलं आणि सायकलवर बसून घरी आलो."

"मग?"

"मग काय. पुढे काय झालं असेल, असं म्हणत झोपायचं."

धुरपदाबाई तांब्या ठेवायला सपाट जागा शोधत होती. ती बांधाच्या पलीकडे वाकली आणि तशीच थांबली.

"आवं, ही उदबत्ती कुनी लावली? हितं तर कोनता देव बी न्हाई."

मैथिलीने वळून पाहिलं. विष्णुपंत मघाशी जिथे वाकले होते, तिथे मऊ मातीत उदबत्ती खोचलेली होती. तुकडा नव्हता, मोडलेलीच नव्हती ती. अख्खी उदबत्ती, नीट उभी, आणि तिचा बारीक धूर ग्लायडर गेलं त्याच दिशेला चालला होता.

विष्णुपंतांच्या हातात मोबाईल थरथरला. त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला.

"पुण्याहून विचारतायत," ते म्हणाले. "'सर कसे वाटले?'"

"द्या सर. मी कळवते."

"थांब गं जरा," त्यांनी मोबाईल आपल्याकडे ओढला. "रूळ ओलांडतंय."

रानावरून वाऱ्याची झुळूक आली आणि निखाऱ्याचं टोक लाल झालं. मैथिली बांधाच्या पलीकडे उतरली, मातीत गुडघे टेकून बसली आणि वाऱ्याच्या अंगाने तिने उदबत्तीला हाताचा आडोसा केला.