गच्च बसलेलं झाकण

सुट्टीच्या दिवशी तरी या माणसाने पान्हा हातात धरू नये, एवढीच अनुपमाची माफक अपेक्षा होती. पण शुक्रवार उजाडला, चहा झाला आणि गुणवंत डायनिंग टेबलावर जुना पेपर पसरून त्या व्हेपच्या, म्हणजे विजेवरच्या सिगारेटच्या, मागे लागला. बोटभर उंचीची काचेची टाकी आणि तिच्यावर आट्यांचं स्टीलचं झाकण. झाकण फिरवून काढायचं, आत पुदिन्याच्या वासाचं लिक्विड भरायचं, की दिवसभराची सोय झाली. आज ते झाकण हलायला तयार नव्हतं.

"जॅम झालंय. खलास!" गुणवंतने पकड आपटली. "तूच काल धुतलंस ना? धुऊन आवळून ठेवलं असशील."

"मी हातसुद्धा लावला नाही," अनुपमा स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि पकडीने दाबू नका. झाकणाची कड पातळ आहे. दाबली की चपटते आणि आणखी आवळते."

"आता तू मला आटे शिकव. हमरियाच्या यार्डात आयुष्य गेलं माझं पाइप जोडण्यात."

त्याने पकड पुन्हा लावली. खर्रकन आवाज झाला आणि झाकणावर दोन ओरखडे उठले. ते झाकण तिच्या मुलाने घेतलेलं होतं, म्हणून ते ओरखडे तिला नेमके झोंबले. मागच्या दिवाळीत गुणवंतची बायपास झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यापुढे एकही सिगारेट नाही. हॉस्पिटलातून आल्यावर हा माणूस महिनोन्महिने पिंजऱ्यातल्या वाघासारखा घरात फिरत होता. मग यंदा इथे आखातात व्हेप उघडपणे विकायला परवानगी मिळाली आणि अल ऐनला शिकणाऱ्या निनादने स्वतःच्या पॉकेटमनीतून हे आणून दिलं. डॉक्टरांना तेही पसंत नव्हतं, पण सिगारेटपेक्षा परवडलं, म्हणून अनुपमाने नाक मुरडत घरात घेतलं. तेव्हापासून गुणवंतने सिगारेटला हात लावला नव्हता. निदान ती तसं धरून चालली होती.

"मग मी खाली जाऊन येतो," गुणवंत शर्टाची बटणं लावत म्हणाला.

"कशाला?"

"एक पाकीट आणतो. काय करणार, नाइलाज आहे. व्हेपवाला संध्याकाळी उघडणार, त्याच्याकडे ही टाकी असेल-नसेल. दोन दिवस तर ओढावी लागेल."

हे तो इतक्या सहज म्हणाला, की अनुपमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाइलाज म्हणे! छाती उभी चिरून घेतलेला माणूस, आणि एका झाकणापायी याचा नाइलाज होतो. शिवाय आवाजात कुठे हळहळ नाही, चिडचिड नाही. उलट सुटकाच ऐकू येत होती तिला.

"ते इकडे द्या," तिने त्याच्या हातातून टाकी ओढूनच घेतली. "अंघोळ व्हायचीय तुमची. अंघोळ करून या. तोवर उघडलं नाही, तर जा खुशाल. मी अडवणार नाही."

"नाही उघडणार ते, अनुपमा. उगाच वेळ घालवू नकोस."

"अंघोळ!" ती ओरडली. शेजारच्यांना ऐकू गेलं असेल तर जाऊ दे.

तो बाथरूममध्ये गेला. तिने गॅसवर पाणी उकळलं, टाकी चिमट्यात धरून झाकणाची बाजू त्यात बुडवून ठेवली. कोथिंबिरीच्या जुडीचं रबर काढून झाकणावर दोन वेढे घातले, म्हणजे हात सटकू नये. मुरांब्याची बरणी, लोणच्याची बाटली, आयुष्यभर हेच तर केलं होतं. मग फडक्याने खालचा भाग धरला आणि झाकण न दाबता नुसत्या बोटांनी वळवलं. पहिल्यांदा काही नाही. पुन्हा गरम पाणी, पुन्हा हलका हात. तिसऱ्या खेपेला कच्चकन काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि झाकण फिरलं.

तिला इतका आनंद झाला की त्याला हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

झाकणाच्या आट्यांमध्ये निळा चुरा अडकला होता. लिक्विड बिनरंगी, रबर पिवळं. हा निळा रंग त्या वस्तूतला नव्हताच. पण तिच्या ओळखीचा होता. ओट्यावर कुकर होता, आणि त्याच्या दांड्याच्या स्क्रूभोवती हाच निळा डाग होता. दांडा सारखा ढिला होतो म्हणून तिने कटकट केली, तेव्हा गुणवंतने यार्डातून आटे चिकटवायच्या गोंदाची एक छोटी बाटली आणली होती. आटे स्पिरिटने पुसून त्यावर एक निळा थेंब सोडला होता आणि म्हणाला होता, "आता हा स्क्रू आपोआप हलणार नाही."

झाकण धुताना आवळलं नव्हतं. ते चिकटवलं होतं.

गुणवंत बाहेर आला तेव्हा ती दारापाशीच उभी होती, एका हातात कुकर, एका हातात झाकण.

"ओळखलंत?"

त्याने निळ्याकडे पाहिलं आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

"तेलकट आट्यांवर हे धरत नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. आधी पुसायला विसरलात. खोटं बोलायची एवढी घाई?"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! मी सकाळपासून पाणी उकळत बसलेय तुमचा जीव वाचवायला, आणि तुम्ही मला नाटक दाखवताय! ओढायचीच होती तर तोंडावर सांगायचं. माझ्यावर कशाला ढकललंत? 'तूच धुतलंस' म्हणे!"

"ऐक तर." तो खुर्चीत बसला. "यार्डात ऑर्डरी नाहीत. पुन्हा काढायच्या माणसांची लिस्ट निघणार म्हणतात. दोन हजार नऊला काय झालं होतं, विसरलीस? अर्धी माणसं घरी गेली. मी का राहिलो? स्मोकिंग कॉर्नरला मॅनेजरबरोबर उभा असायचो म्हणून. त्यानेच आधी कानात सांगितलं, दुसऱ्या यार्डात अर्ज टाक, यल्ला, चल लवकर. सगळं तिथेच ठरतं, अनुपमा. मी तिथे हे पुदिन्याचं खेळणं घेऊन गेलो की हसतात. गप्प होतात."

भीती खरी होती. ते वर्ष तीही विसरली नव्हती. बिल्डिंगखाली लोकांनी सोडून दिलेल्या, धूळ खात पडलेल्या गाड्या, एका रात्रीत रिकामी झालेली शेजारची बिऱ्हाडं. पण तिच्या रागाला ते पुरलं नाही.

"तुम्ही काचेपलीकडे नळ्या लावून पडला होतात, तेव्हा त्या कॉर्नरमधला कोण आला होता? एक नाव सांगा. मी आणि निनाद होतो. त्याची परीक्षा बुडली."

गुणवंतने खांद्यावरचा टॉवेल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

तेवढ्यात बेल वाजली. निनाद जेवायला यायचा होता. अनुपमाने झाकण नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. "दार तुम्ही उघडा. काय सांगायचं तेही तुम्हीच ठरवा. मी चुगली करणार नाही, पण तुमच्या खोट्याला हं-हं पण करणार नाही."

निनाद घामेजलेला आत आला, बूट काढता काढताच म्हणाला, "बाबा, गुड न्यूज! तुम्ही सकाळी फोनवर म्हणालात ना इट्स जॅम्ड? सो आय स्टॉप्ड ऑन द वे. माझ्या रूममेटचा कझिन विकतो, त्याला उठवलं." त्याने बॅगेतून नवी टाकी काढली, खोक्यासकट. "नाऊ नो एक्स्क्यूज, ओके?"

गुणवंतने अनुपमाकडे पाहिलं. ती तशीच उभी राहिली.

"निनाद," तो म्हणाला, "ते जॅम झालं नव्हतं. मीच चिकटवलं होतं. सिगारेट ओढायला कारण पाहिजे होतं."

निनाद हसला, कारण त्याला वाटलं थट्टा चाललीय. मग त्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

"आय गेव्ह माय एक्झॅम अगेन, बाबा," तो हळूच म्हणाला. "आय नेव्हर टोल्ड यू हाऊ इट वेंट."

खोकं टेबलावर ठेवून तो आतल्या खोलीत गेला. दार आपटलं नाही, हेच जास्त लागलं.

अनुपमाने ताटं वाढली. वरणभात, भेंडी, काकडीची कोशिंबीर. तिचा राग उतरला नव्हता आणि आज उतरवायची तिची इच्छाही नव्हती. नव्या खोक्याला गुणवंतने हात लावला नाही. तो त्याच पेपरवर वाकून जुन्या झाकणाच्या आट्यांमधला निळा चुरा नखाने खरवडत बसला होता. वरण निवलं. तरी ती त्याला जेवा म्हणाली नाही.