जागा भरली आहे

"हार्लन, हे पाकीट खोडाला कुणी ठोकलं?" ग्वेनने विचारलं.

"मी. एकतीस वर्षं दुसरं काय केलंय?"

ग्वेन वनखात्यात हार्लन टोफ्टच्या हाताखाली शिकलेली. तो निवृत्त झाल्यावर त्याच्याच खुर्चीत बसलेली. मोंटानाच्या त्या उतारावरचे सगळे पाइन साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी सुकवून लाल करून टाकले होते. उरला होता तो हार्लनच्या स्वयंपाकघरामागचा एकच. त्याच्या बायकोची, अर्डिसची, कपडे वाळत घालायची दोरी लग्नाच्या वर्षापासून त्या झाडाला बांधलेली होती.

भुंगेऱ्यांशी बोलायची खात्याची पद्धत साधी आहे. वासाची पाकिटं दोन प्रकारची. एक सांगतं, 'जागा भरली आहे, पुढे चला.' ते झाडाला ठोकायचं. दुसरं सांगतं, 'या, पानं वाढली आहेत.' ते सापळ्यात टांगायचं. उन्हात वास उडतो, म्हणून वापरेपर्यंत दोन्ही फ्रीझरमध्ये, हरणाच्या मटणाशेजारी.

"यावरची चिठ्ठी कुठाय?"

"फ्रीझरमधल्या बर्फाने गळून पडली. हुंगून लावलं."

ग्वेनने पाकीट हुंगलं. खोडावर भुंगेरे शिरलेल्या भोकाभोकावर डिंकाचे गुलाबी फुगे आले होते, लाह्या चिकटवाव्यात तसे. तिने ते मोजायला घेतले आणि सोडून दिले.

"हे आमंत्रणाचं आहे, हार्लन."

"मग सापळ्यात..." कुंपणावरचा सापळा रिकामा हलत होता. "तरीच यंदा त्यात एकही नाही. मला वाटलं, साथ ओसरली. तुमच्या ऑफिसला तसं पत्रही टाकलं."

"मिळालं. फळ्यावर लावलंय."

"पण झाड हिरवं आहे की."

"मेलेलं झाड पहिलं वर्ष हिरवंच राहतं, हे मला तुम्हीच शिकवलंत. हिवाळ्यात पाडावं लागेल, आतली पिल्लावळ उडायच्या आधी."

हार्लनने पाकीट नाकाशी धरलं. काहीच नाही. दोन वर्षं काहीच नव्हतं. कॉफीसुद्धा नुसती गरम लागायची. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. जूनमध्ये त्याने डोळे मिटून दोन्ही पाकिटं गंभीरपणे हुंगली होती आणि एक निवडलं होतं.

अर्डिस धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन आली. "त्याला काय विचारतेस? फ्रीझर मी आवरला. पाकीट मीच हातात दिलं."

हार्लन गोंधळला. त्या दिवशी ती हेलेना शहरात बहिणीकडे होती.

"पण तू तर..."

"तुला आठवतंय डोंबल. चिमटे धर."

ग्वेनने वहीत 'चूक घरगुती' असं लिहिलं आणि ती गेली.

"तुला कधी कळलं?" हार्लनने विचारलं.

"थँक्सगिव्हिंगला. टर्कीचा कोळसा झाला होता आणि तू दारातूनच म्हणालास, काय घमघमाट सुटलाय."

तो एकेक चिमटा देत राहिला. उतारावरून वारा आला, चादर फुगली.

"पाइनचा वास छान येतोय आज," तो सवयीने म्हणाला.

"हो," अर्डिस म्हणाली, आणि खोडाशी सैल पडलेली दोरीची गाठ तिने सोडून पुन्हा घट्ट बांधली.